हरणाबाईचं आमेन

आमच्या वस्तीत गुपित टिकत नाही. एस्तेर मॅडमना मी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण त्या पडल्या साताऱ्याच्या. एकदा नियम सांगितला की लोक तो पाळतात, असं त्यांना मनापासून वाटतं.

मी मंगल. जतच्या बाहेर विजापूर रस्त्याच्या अंगाला आमची वडार वस्ती आहे. आज्यापणज्यांनी विहिरी खणल्या, दगड फोडले, गाढवांवरून वाहिले. आता आमच्या बायकांच्या टोळ्या स्लॅब टाकायला गावोगाव जातात. वस्तीतली बरीच घरं येशूला मानणारी आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये आमची रविवारची उपासना चालते, आणि ती चालते मराठीत. घरात आम्ही वडारी बोलतो, लेकरं वडारीत जोजवतो, भांडण तर दुसऱ्या कुठल्या भाषेत आम्हाला जमतच नाही. देवाशी बोलायचं झालं की तेवढं मराठी. पाहुण्याच्या घरी ताट वाढून घेताना जसं अंग चोरून बसतात, तशी आमची प्रार्थना.

म्हणून येशूच्या गोष्टी वडारीत आणायचं काम निघालं, तेव्हा मी पहिल्या दिवसापासून त्यात आहे. आमच्या भाषेला लिपी नाही, आणि असती तरी वाचणार कोण? त्यामुळे सगळं काम तोंडी. गोष्ट मराठीतून नीट ऐकायची, समजून घ्यायची, पुन्हा पुन्हा सांगून तोंडात बसवायची, मग रेकॉर्ड करायची. ती मोबाईलवर घेऊन कुणीही ऐकावी. या कामाची प्रमुख मी, कारण माझा आवाज मोठा आणि माझ्याशी वाद घालायला कुणाला आवडत नाही. रेकॉर्डिंग रविराज करायचा. तो एरवी लग्नात डीजे वाजवतो, त्यामुळे हळू आवाजाचं त्याला काय कळणार असं मला वाटलं होतं, पण पोरगा कामाचा निघाला.

खोली दिली बशीरभाई नदाफांनी. त्यांचा गादी कारखाना वस्तीला लागूनच. वडारांच्या पोरांत गोट्या खेळत ते लहानाचे मोठे झाले, वडारी आमच्याइतकीच बोलतात. मागच्या खोलीत त्यांनी चारी भिंतींना गाद्या उभ्या करून दिल्या. आत बोललेलं आतच राहायचं, बाहेरची एसटी आत ऐकू यायची नाही. आम्ही आत गेलो की बशीरभाई पिंजण्याचं मशीन बंद करायचे आणि चौकात चहाला जायचे. "तुमचं देवाचं काम, मी खोकलो तर पाप लागंल," म्हणायचे.

आता माझ्या सासूबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

हरणाबाई. मी तिला आत्या म्हणते. आयुष्यभर डोक्यावर दगड आणि घमेली वाहून तिची पाठ वाकली आहे, पण मान अजून ताठ. आम्ही दोघी रोज भांडतो. मीठ, शेरडं, टँकर आला तेव्हा घागर कुणी भरायची होती, विषयाला तोटा नाही. पण एका विषयावर ती माझ्याशी भांडतसुद्धा नाही, नुसती गप्प बसते.

माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. भाकरीवरून आमचं वाजलं आणि मी माहेरी निघून गेले. आत्या स्वतः येऊन मला परत घेऊन आली. त्याच रविवारी आम्ही मोठ्या गावातल्या चर्चला गेलो होतो. तिथे कुणीही उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत होती. आत्या उठली, मलाही दंडाला धरून उठवलं आणि वडारीत सुरू झाली, "देवा, ही जी माझ्या शेजारी हुबी हाय..."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. कुणीतरी बोललं ते सगळ्यांना ऐकू गेलं, "ही कसली गाढवं हाकायची भाषा!"

आत्या खाली बसली. आमेनसुद्धा म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिने तोंड उघडून प्रार्थना केलेली नाही. उपासनेला येते, कोपऱ्यात ओठ मिटून बसते, मराठी वाचन तिच्या डोक्यावरून जातं. "देवाला मराठी येतं, आपल्याला येत न्हाई. मिटलं," एवढंच म्हणते. आणि ती अर्धी प्रार्थना तशीच लोंबकळत राहिली. शेजारी उभी होते मी. पुढे ती काय बोलणार होती? भाकरीचं भांडण ताजं होतं. माझी तक्रारच असणार, असं मी धरून चालले होते. पण तक्रार असली तरी तिने ती पूर्ण करावी, आपल्या भाषेत, मोठ्याने, असं मला फार वाटायचं. या सगळ्या कामात मी जीव ओतला तो याच्यासाठी. लोकांना वाटायचं मंगल लय धार्मिक. मला माझ्या सासूचा आवाज परत हवा होता, बस.

माझा बेत साधा होता. पहिली गोष्ट ईस्टरच्या सकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर वाजवायची. ईस्टरला आत्या उठून जाणार नाही. एरवी मी घरात ती गोष्ट पाठ म्हणायला लागले की ती शेरडं घेऊन ओढ्याकडे चालू लागायची. कुणी सांगायला आलं की टीव्हीचा आवाज वाढवायची. "आपल्या बोलीत देव? लोकांनी हसायला अजून एक कारन," म्हणायची.

पण गोष्ट वाजवायची तर आधी चाचणी. त्या चाचणीसाठी एस्तेर मॅडम येणार, असली भाषांतरं तपासणं हेच त्यांचं काम. पद्धत अशी: ज्याने गोष्ट कधीच ऐकलेली नाही असा माणूस आणायचा, त्याला रेकॉर्डिंग ऐकवायचं, आणि मग त्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची. तो वडारीत सांगेल ते दुसऱ्या माणसाने मॅडमना मराठीत सांगायचं, त्यानेही गोष्ट आधी ऐकलेली नसावी. मूळ गोष्ट आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून आलेली गोष्ट जुळली तर पास. म्हणून मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पास होईपर्यंत गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही.

आणि इथे आमचं चुकलं. चूक अशी, की ती वडारच करू शकतात.

स्लॅबच्या दिवशी आमच्या बायका मिक्सरपासून वरपर्यंत रांगेत उभ्या राहतात. माल भरलेलं घमेलं हातातून हातात वर जातं, रिकामं खाली येतं. आणि घमेल्याबरोबर बोलणंही जातं. खालची एक वाक्य बोलते, ते घमेल्याबरोबर वर चढतं, वरचीचं उत्तर रिकाम्या घमेल्याबरोबर उतरतं. लग्नं जमतात त्या रांगेत, मोडतातसुद्धा. आता मी आणि माझ्याबरोबर गोष्ट पाठ करणाऱ्या दोघी, आम्ही त्याच रांगेतल्या. पाठ करायची तर कुठे करणार? तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागलो. शेजारचीने ऐकलं, पुढे दिलं.

मला कळलं ते मलकापूरहून नणंदेचा फोन आला तेव्हा. ती तिकडे कराडजवळ एका बिल्डिंगच्या कामावर होती.

"वैनी, एक गोष्ट ऐकलीस का? लय भारी हाय," ती म्हणाली, आणि माझीच गोष्ट मला सांगायला लागली. एक बाई, पाठ वाकलेली, वर बघताच यायचं नाही. प्रार्थनेच्या ठिकाणी मागे बसायची. येशूने तिला पुढे बोलावलं.

"तुला कुणी सांगितली?" मी ओरडले.

"वरच्या मजल्यावरनं आली," ती म्हणाली.

तरी मी मॅडमना फोनवर धीर दिला. जत तालुका मोठा आहे, न ऐकलेली माणसं शोधू.

मॅडम आल्या त्या दिवशी ऊन असं होतं की गाद्यांच्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच. बशीरभाई मराठीत सांगायला बसले. त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती, आम्ही आत असताना ते कायम चौकात. पहिला ऐकणारा नानासो. तो दगडाच्या खाणीवर असतो, बायकांच्या रांगेशी त्याचा संबंध नाही म्हणून मुद्दाम निवडलेला. रविराजने रेकॉर्डिंग लावलं. नानासो डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने बघते तर त्याचे ओठ हलताहेत, आणि ते रेकॉर्डिंगच्या पुढे धावताहेत.

"नानासो, तू ही ऐकलीयास?" मी विचारलं.

"न्हाई गं. बायकू भाकरी थापताना म्हनत असती, तेवढीच."

त्याला उठवलं. दुसरी रंगूबाई, पार कर्नाटकाच्या हद्दीवरच्या खेड्यातून बोलावलेली, अर्धी वडारी अर्धी कानडी बोलणारी. वाकलेली बाई गोष्टीत आली मात्र, रंगूबाईने मॅडमच्या मांडीवर थाप मारली. "आता बगा, ती सरळ हुती!"

तिसऱ्याला तर दारातच विचारलं आणि दारातूनच परत पाठवलं.

एस्तेर मॅडमनी चष्मा काढला आणि हसायला लागल्या. "मंगलताई, लोकांना समजलं नाही म्हणून चाचणी अडते. लोकांना आधीच समजलंय म्हणून अडलेली ही पहिलीच. पण मी पास लिहू कशी? आणि मी परत येणार पावसाळ्यानंतर."

त्या हसत होत्या, मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. ईस्टर तोंडावर आला होता. मी रविराजवर ओरडले, नानासोवर ओरडले, रिकाम्या गादीला एक लाथ घातली. धुरळा उडाला, सगळे खोकले.

बशीरभाई शांतपणे म्हणाले, "अगं, तुझ्या घरात हाय की एक. जिनं कवाच ऐकलं न्हाई."

मी तशीच उन्हात घरी पळाले. आत्या दारातल्या लिंबाच्या सावलीत शेरडांना पाला टाकत होती. आमचं बोलणं झालं वडारीत, इथे मराठीत सांगते.

"आत्या, चला. बशीरभाईच्या खोलीत ऐकायला माणूस पाहिजे. कायबी म्हाईत नसलेला."

"म्हंजे अडानी?"

"न्हाई, हट्टी. सगळ्या वस्तीत तुमी एकट्या उरलाय."

तिच्या तोंडावर हसू आलं तसं तिने ते दाबलं. मग पाला टाकत राहिली. पाल्यावरची नजर न काढता म्हणाली, "ऐकून काय करायचं?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंच होतं. "परत सांगायचं. आपल्या बोलीत. मॅडमसमोर, सगळ्यांसमोर."

तिचा हात थांबला. "न्हाई जमायचं. आनी कोन हसलं तर?"

"हसलं तर मी हाय की!" मी म्हटलं, आणि ते मी इतक्या जोरात म्हटलं की शेरडं बिचकून मागे सरली.

आत्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "व्हय," ती म्हणाली, "तुझ्या तोंडापुढं हसायची कुनाची छाती न्हाई, ते खरं." आणि पदर सावरून चालू लागली. तिला आधार द्यायला मी हात पुढे केला, तो तिने झटकला.

गाद्यांच्या खोलीत तिला खुर्ची दिली. मी शेजारी उभी राहिले, हसणाऱ्याला बघून घ्यायला. उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं होतं, तिथे बाहेर कामावरून आलेल्या बायका जमल्या होत्या, त्यांना मी नुसत्या डोळ्यांनी दम दिला. रविराजने रेकॉर्डिंग लावलं.

आत्या सुरुवातीला छताकडे बघत होती. वाकलेल्या बाईचं आलं तशी तिने मान वळवली. येशूने तिला पुढे बोलावलं, हात ठेवला, ती सरळ झाली आणि मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागली, तिथे आत्याचे हात मांडीवर घट्ट झाले. मग त्या ठिकाणचा मुख्य माणूस चिडतो, आजच्या पवित्र, काम बंद ठेवायच्या दिवशी हे कशाला म्हणतो. येशू त्याला विचारतो, तुम्ही आजच्या दिवशी आपलं गाढव सोडून पाण्यावर नेता ना, मग या बाईला मोकळं केलं तर बिघडलं कुठे? एवढ्यावर गोष्ट संपली.

"आता तुम्ही सांगा, आजी," एस्तेर मॅडम म्हणाल्या.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी काय करणार, मी नुसती मान हलवली.

आणि आत्या बोलली. पहिली दोन वाक्यं अगदी हळू, रविराज पुढे वाकला. मग आवाज वाढत गेला. गोष्ट सगळी आली, काही सुटलं नाही. वाकलेल्या बाईचं सांगताना तिने उठून वाकून दाखवलं, त्यासाठी तिला फारसं वाकावं लागलं नाही. चिडलेल्या माणसाचा आवाज काढला तेव्हा बाहेरच्या बायका खुसखुसल्या, मी डोळे वटारले. आणि गाढवापाशी आली तशी ती थांबलीच.

"गाढवाचं नाव त्यानं सोता काढलं?" तिने विचारलं.

बशीरभाईंनी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हो. स्वतः."

"गाढवाला पानी पाजायचं त्याला म्हाईत हुतं?"

"माहीत होतं."

"असं," आत्या म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. आपलं हरवलेलं भांडं दुसऱ्याच्या घरात सापडावं आणि त्या घरच्यांनी ते घासून ठेवलेलं असावं, तसं काहीतरी.

मॅडमनी ठरलेले प्रश्न विचारले, आत्याने धडाधड उत्तरं दिली. मॅडमनी वही मिटली. "पास," त्या म्हणाल्या. "इतकी स्वच्छ चाचणी मी फार कमी वेळा बघितली."

रविराजने हुश्श केलं. मी डोळे पुसले आणि घाम पुसल्याचं दाखवलं. काम झालं होतं, ईस्टरला गोष्ट वाजणार होती. सगळे उठायला लागले, आत्या मात्र उठेना.

"एक राहिलं," ती म्हणाली. "ती बाई सरळ झाल्यावर देवाला काय म्हनाली?"

बशीरभाईंनी विचारलं. मॅडमनी मान हलवली. "ते सांगितलेलं नाही, आजी. मोठ्याने स्तुती केली, एवढंच आहे."

"म्हंजे तिचंबी सांगायचं राहिलंच म्हना की," आत्या म्हणाली.

मग तिने पदर डोक्यावर घेतला. हात पुढे करून माझा दंड धरला, त्या रविवारी धरला होता तसाच, आणि डोळे मिटले.

"देवा," ती वडारीत म्हणाली, "ही जी माझ्या शेजारी हुबी हाय..."

इतक्या वर्षांनी तेच शब्द, तिथूनच पुढे. आता तक्रार येणार, आणि बशीरभाई ती साताऱ्याच्या मॅडमना मराठीत सांगणार. येऊ दे म्हटलं.

"...ही माझी सून. तोंडानं लय तिखट हाय. भाकरीवरनं पळून गेलती, मी जाऊन आनली. देवा, हिला माझ्या घरात टिकू दे. ही गेली तवा मला घर खायला उठलं. ते मला हिला सांगाय येत न्हाई, म्हनून तुला सांगते." दंडावरची पकड आणखी घट्ट झाली. "हे तवाच म्हनायचं हुतं, राहून गेलं. पन तू ऐकलंस जनू. टिकली ही. रोज भांडती, पन टिकली. आमेन."

नियमाप्रमाणे ऐकणाऱ्याचं एकही वाक्य गाळायचं नसतं. बशीरभाईंनी एकही गाळलं नाही. सगळं मॅडमना मराठीत सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आनी आमेन. ते आमच्यातबी तसंच म्हनतात, त्याचं काय मराठी करू?"

तेव्हा मला हसू फुटलं. रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, मला आवरेना. बाहेरच्या बायकांना दम देणारी मीच, आणि सगळ्यांत मोठ्याने हसणारीही मीच.

आत्याने डोळे उघडले. "कोन हसलं गं?"

"मी, आत्या."

तिने माझा दंड सोडला नाही. "तू हस," ती म्हणाली, "आनी मग घरी चल. शेरडांना पानी पाजायचं राहिलंय."